घरातल्या नेटची ये-जा : आधी पाहा, मग बोला



मागच्या लेखात आपण विजेचा मीटर कसा वाचावा ते पाहिले. त्यावर रविवारच्या वंदनेनंतर विहारात बऱ्याच जणांनी गाठून विचारले, "विजेचा मीटर भिंतीवर दिसतो, पण वाय-फायचं काय? महिन्याच्या महिन्याला पैसे भरतो आणि नेमकं संध्याकाळी नेट अडतं. कोण खातं ते कळायला काही मार्ग आहे का?"

मार्ग आहे. त्याला इंजिनिअर लागत नाही. एक वही, एक पेन आणि अर्धा तास पुरतो. पण हा मार्ग मी पुस्तकातून शिकलो नाही. एका निरपराध मुलावर आळ घेतला, तेव्हा शिकलो. म्हणून आधी ती हकिकत सांगतो. लाज वाटते, पण लपवून उपयोग नाही. आज अनेक घरांत हेच चालले आहे.

माझ्या हातून झालेली चूक

गोष्ट २०२३ च्या एप्रिलमधली. नात सीईटीच्या तयारीला लागली होती. रोज रात्री नऊ ते अकरा तिची ऑनलाइन सराव परीक्षा असे. बाबासाहेबांची जयंती झाली आणि दुसऱ्याच दिवसापासून तिची परीक्षा मध्येच अडू लागली. प्रश्न दिसायचा, उत्तर टिपायची, पण उत्तर पुढे जायचेच नाही. चाक फिरत राहायचे. पोरगी रडकुंडीला आली.

आमच्या वरच्या मजल्यावर एक मुलगा राहतो. वडील बाजारात हमाली करतात, आई चार घरची कामे करते. मुलगा पोलीस भरतीचा अभ्यास करीत होता. आमच्या सौभाग्यवतींनी त्याला आमच्या वाय-फायचा पासवर्ड दिला होता. जिन्यात बसून तो जुने पेपर सोडवी.

मी टेलिफोन खात्यात उभी हयात लाइनमन म्हणून काढली. त्यामुळे यातले आपल्याला कळते असा माझा समज. मी मनाशी निकाल देऊन टाकला, की हा पोरगा जिन्यात बसून सिनेमे बघत असणार. चौथ्या दिवशी त्याची आई जिन्यात भेटली. दोन शेजारणी उभ्या असताना मी बोलून गेलो, "ताई, तुमचा मुलगा आमचं नेट खातो. माझ्या नातीचं वर्ष वाया जाईल. त्याला सांगा, दुसऱ्याच्या जिवावर मजा करायची नाही."

ती माउली एक शब्द बोलली नाही. पदर सावरला आणि वर निघून गेली. त्या दिवसापासून मुलगा जिन्यात दिसेनासा झाला.

घरात मी विजयी मुद्रेने सांगितले, "आता बघा, नेट कसं पळतं." त्या रात्रीही परीक्षा अडली. पुढच्या रात्रीही अडली. तेव्हा नात म्हणाली, "आजोबा, तो दादा दोन दिवस खालीच आला नाही. मग आता कोण खातंय? तुम्ही पाहिलं होतं का, की नुसतंच बोललात?"

स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींचा आवाज आला, "रोज सकाळी चौथं शील म्हणतात, ते कोणासाठी?"

मी गप्प झालो. नात म्हणाली, "चला, आता बघू या." आम्ही दोघे वही घेऊन बसलो.

ये-जा म्हणजे काय?

आम्ही काय पाहिले ते कळण्यासाठी दोन-तीन साध्या गोष्टी आधी समजून घेऊ.

नेटवरून फोटो, गाणे, सिनेमा काहीही जावो, ते अखंड जात नाही. त्याची लहान लहान पाकिटे केली जातात. एका पाकिटात साधारण जास्तीत जास्त १५०० बाइट मावतात. तीन एमबीचा एक फोटो म्हणजे सुमारे दोन हजार पाकिटे. प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. घरातला वाय-फायचा डबा, म्हणजे राउटर, हे आपल्या घरचे पोस्ट ऑफिस. आलेले पाकीट कोणाच्या फोनचे, कोणाच्या टीव्हीचे, हे तोच ठरवतो.

या टपालाला दोन रस्ते आहेत. बाहेरून घरात येणारे ते डाउनलोड. घरातून बाहेर जाणारे ते अपलोड. आपण सिनेमा पाहतो तेव्हा येणारा रस्ता भरतो. आपण फोटो-व्हिडिओ पाठवतो तेव्हा जाणारा रस्ता भरतो. फायबरवर हे दोन्ही रस्ते बहुधा सारखे रुंद असतात. तांब्याच्या जुन्या तारेवर मात्र येणारा रस्ता रुंद आणि जाणारा बोळ असतो. त्या वेळी आमची जोडणी अशीच होती. येण्याचा वेग २० एमबीपीएस, जाण्याचा फक्त १.

आता नीट लक्ष द्या. जाणारा बोळ भरला की येणारा रस्ताही अडतो. कारण बहुतेक टपालाची पोच द्यावी लागते. "तुमची पाकिटे मिळाली, पुढची पाठवा" असे आपल्या घरातून सतत कळवावे लागते. ती पोचपावती त्याच बोळातून जाते. बोळ तुंबला की पोच वेळेवर जात नाही. पोच नाही म्हणून समोरचा पुढचा माल थांबवतो. आपण म्हणतो, नेट बंद पडले.

दुसरी गोष्ट मापाची. येथे बहुतेकांची फसगत होते. योजनेच्या कागदावर ४० एमबीपीएस लिहिलेले असते. ते मेगाबिट असतात. फोनमधला फोटो किंवा सिनेमा मोजला जातो मेगाबाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणून ४० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त ५ एमबी माल येणार. कंपनीने चोरी केली असे म्हणण्याआधी आठाने भागून पाहावे.

पहिले काम : वहीत हजेरी घ्या

नातीने पहिला प्रश्न केला, "आपल्या नेटवर घरातल्या किती वस्तू आहेत?" मी बोटे मोजली. माझा फोन, सौभाग्यवतींचा, मुलाचा, सुनेचा, नातीचा लॅपटॉप आणि टीव्ही. सहा. तिने वहीत सहा नावे लिहिली.

मग तिने राउटर उलटा केला. खालच्या बाजूस चिकटवलेल्या कागदावर एक पत्ता आणि प्रवेशाचे नाव-पासवर्ड असतात. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. घरच्या वाय-फायवर असताना ब्राउझर उघडून हा पत्ता टाकायचा, आकडे मात्र इंग्रजी. राउटरचे स्वतःचे पान उघडते. त्यात जोडलेल्या वस्तूंची यादी सापडते. काही कंपन्यांचे यासाठी वेगळे ॲपही असते. जमत नसेल तर जोडणी देणाऱ्या मुलाला बोलावून एकदा दाखवून घ्यावे. तो आपला हक्क आहे, उपकार नव्हे.

यादी उघडली. त्यात सात नावे! मी लगेच ओरडलो, "बघ, सातवा! तोच तो!"

नात शांतपणे म्हणाली, "थांबा आजोबा. एकेक ताडून पाहू."

माझा, मुलाचा आणि सुनेचा फोन नावाने ओळखता आला. लॅपटॉपही सापडला. टीव्ही भलत्याच कंपनीच्या नावाने होता. आतली वाय-फायची चिप ज्या कंपनीची, तिचे नाव कधीकधी यादीत दिसते. राहिले दोन. एकाला नावच नव्हते, नुसता बारा अंक-अक्षरांचा क्रमांक. दुसऱ्याचे नाव 'एस्प्रेसिफ'. असे नाव मी जन्मात ऐकले नव्हते.

असा प्रसंग आला तर काय करावे? घरातली एकेक वस्तू बंद करावी आणि यादीतले कोणते नाव जाते ते पाहावे. टेलिफोनची लाइन बिघडली की आम्ही हेच करीत असू. डीपीच्या डब्यापाशी तार सोडायची आणि दोष घराच्या बाजूला आहे की खांबाच्या बाजूला, ते तपासायचे. अर्धी बाजू निर्दोष ठरली की उरलेल्या अर्ध्या बाजूत शोध घ्यायचा. एक सूचना मात्र लक्षात ठेवा. काही राउटर बंद केलेल्या वस्तूचे नावही काही तास यादीत ठेवतात. म्हणून नावासमोर 'ऑनलाइन' आहे की 'ऑफलाइन' हे पाहावे.

सौभाग्यवतींच्या फोनचे वाय-फाय बंद केले तसा तो बिननावाचा क्रमांक गेला. हल्लीचे फोन खासगीपणासाठी आपला कारखान्यातला खरा क्रमांक न देता स्वतः तयार केलेला क्रमांक देतात. अँड्रॉइडमध्ये हे २०१९ पासून आणि आयफोनमध्ये २०२० पासून सुरू झाले. त्या बारा अक्षरांतले दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असेल, तर तो असा स्वतः घेतलेला क्रमांक समजावा. अनोळखी क्रमांक दिसला म्हणजे चोर सापडला असे होत नाही.

आणि तो एस्प्रेसिफ? ती शांघायची चिप बनवणारी कंपनी निघाली. आमच्या मुलाने गॅलरीत फोनवरून चालूबंद होणारा दिवा बसवला होता. त्यात तिची चिप. दिवा बंद केला, नाव गेले.

सातही आमचेच. वरच्या मुलाचा फोन यादीत कोठेच नव्हता. वेळ रात्रीची सव्वानऊ आणि परीक्षा अडलेलीच होती.

दुसरे काम : कोण किती खातो?

काही राउटर प्रत्येक वस्तूने किती माल आणला व किती पाठवला हेही दाखवतात. आमचा दाखवीत नव्हता. अनेकांचा दाखवत नाही. मग पुन्हा लाइनमनची रीत.

लॅपटॉपवर वेग मोजण्याचे पान उघडले. अशी पाने फुकट मिळतात. त्यांत येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही वेग पाहायचे. बहुतेक लोक पहिलाच आकडा पाहून पान बंद करतात. आमचा येण्याचा वेग २० ऐवजी ३ आला. जाण्याचा १ ऐवजी ०.१. म्हणजे कोणीतरी घरातून बाहेर काहीतरी पाठवत होते.

टीव्ही बंद केला. फरक नाही. मुलाने फोनचे वाय-फाय बंद केले. फरक नाही. सुनेने केले. नाही. मग नात माझ्याकडे पाहू लागली.

"माझा फोन चार्जिंगला आहे. मी हातसुद्धा लावला नाही," मी म्हणालो.

तिने माझ्या फोनचे वाय-फाय बंद केले. पुन्हा वेग मोजला. जाण्याचा ०.९, येण्याचा १९. परीक्षेचे चाक थांबले आणि पुढचा प्रश्न उघडला.

घरात कोणी बोलेना. नातीने माझा फोन उघडला. फोटोंच्या ॲपमध्ये लिहिले होते, बॅकअप सुरू आहे, सतरा बाकी. जयंतीच्या मिरवणुकीचे मी तासभर व्हिडिओ काढले होते. ढोल, लेझीम, लहान मुलींची पथके, निळे झेंडे. एका मिनिटाच्या व्हिडिओचे सुमारे १०० एमबी, म्हणजे तासाचे ६ जीबी झाले. दिवसभर फोन माझ्या खिशात आणि मी बाहेर. रात्री नऊला जेवून फोन घरी चार्जिंगला लावायचो. वाय-फाय मिळाले की तो मुकाट्याने व्हिडिओ कंपनीच्या साठ्यात चढवू लागायचा. अकराला झोपताना मी काटकसर म्हणून राउटर बंद करायचो. दुसऱ्या रात्री नऊला राहिलेले काम पुन्हा सुरू.

नातीने वहीत हिशोब मांडला. १ एमबीपीएसच्या बोळातून १ जीबी चढायला सव्वादोन तास लागतात. ६ जीबीला तेरा तासांहून जास्त. रोज दोन तास म्हणजे पुरता आठवडा. परीक्षा अडण्याच्या वेळेशी हिशोब तंतोतंत जुळला. वर्षभर फोटो थोडे असत, म्हणून कधी जाणवले नाही.

म्हणजे नेट खाणारा मी. आणि मी बोट दाखवले कोणाकडे?

तिसरे काम : खर्चाचा अंदाज ठेवा

विजेच्या बाबतीत इस्त्री किती खाते आणि ट्यूब किती हे आपण ओळखतो. तसे नेटचेही ओळखावे. वहीत हे लिहून ठेवा.

सिनेमा साध्या दर्जात पाहिला तर तासाला सुमारे १ जीबी, एचडीत ३ जीबीपर्यंत, फोर-के दर्जात ७ जीबीच्या आसपास. मोठा टीव्ही स्वतःच वरचा दर्जा निवडतो. सेटिंगमध्ये जाऊन तो खाली आणता येतो.

मुलांच्या ऑनलाइन वर्गाला साधारण १ ते दीड एमबीपीएस पुरतात. १ एमबीपीएसने तास चालला तर ४५० एमबी. अभ्यास हा सिनेमाइतका खर्चिक नाही, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

नेटवर चालणारा कॅमेरा १ एमबीपीएसने चोवीस तास चित्र बाहेर पाठवत असेल, तर दिवसाला जवळजवळ ११ जीबी जातात. तोही जाणाऱ्या रस्त्याने. फक्त हालचाल झाली तरच चित्र पाठवण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते, ती लावावी.

फोनमधील कोणते ॲप किती खाते ते अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये 'डेटा वापर' येथे दिसते. त्यात मोबाइल आणि वाय-फाय यांचा हिशोब वेगळा असतो. आयफोन मोबाइल डेटाचाच ॲपवार हिशोब देतो, वाय-फायचा देत नाही. विंडोजच्या लॅपटॉपवरही 'डेटा वापर' हे पान आहे. फोटोंचा बॅकअप आणि लॅपटॉपचे अपडेट ही कामे पहाटे किंवा दुपारी उरकावीत. मुलांच्या अभ्यासाच्या वेळी नकोत.

सगळे बंद करूनही वेग येत नसेल, तर दोष गर्दीचा नसेल. राउटरच्या शेजारी उभे राहून पुन्हा मोजा. तेथे वेग चांगला आला तर भिंतींचा प्रश्न आहे. चाळीत आणि दाट वस्तीत प्रत्येक घरी वाय-फाय असते आणि २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांना न अडवणाऱ्या वाटा तीनच, १, ६ आणि ११. जवळच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा. तेथे गर्दी कमी असते, मात्र भिंतीपलीकडे तो दुबळा पडतो. राउटरच्या शेजारीही वेग आला नाही, तरच कंपनीकडे तक्रार करावी. त्या वेळी वहीतले आकडे, तारीख आणि वेळ सांगावी. आकड्यांपुढे उडवाउडवी चालत नाही.

काय दिसत नाही

काही पालक विचारतात, "या यादीत मुलगी नेटवर काय करते ते दिसतं का?"

नाही. टेलिफोनच्या बिलावर नंबर आणि वेळ कळे, बोलणे कळत नसे. तसेच हे आहे. आज बहुतेक सर्व पाने कुलूपबंद पाकिटातून येतात. राउटरला फार तर कोणत्या ठिकाणी टपाल गेले आणि किती गेले हे कळते. आतला मजकूर कळत नाही. आणि ते बरेच आहे. ही वही घरातल्या गर्दीचा हिशोब आहे, मुलींवरचा पहारा नव्हे. नेट अडले की पहिला फोन मुलीचा काढून घेतला जातो, असे मी चार घरांत पाहिले आहे. तिचा अभ्यास तासाला अर्धा जीबी खातो आणि भाऊ पाहतो तो सामना तीन जीबी. आधी मोजा, मग कोणाचे बंद करायचे ते ठरवा.

खरोखरच परका निघाला तर?

कधीकधी यादीत खरेच परके नाव सापडते. ती गोष्ट हलकी घेऊ नये.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला. नवी मुंबईत सानपाडा येथे राहणाऱ्या एका परदेशी नागरिकाच्या घरच्या जोडणीवरून तो गेल्याचे निघाले. त्याचा त्यात हात नव्हता. त्याचे वाय-फाय दुसऱ्यांनी वापरले होते. पण पोलिसांची चौकशी त्याच्याच मागे लागली. जोडणी ज्याच्या नावावर, त्याच्याच दारात पहिला प्रश्न येतो.

वस्तूही परक्याच्या हाती जातात. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रॅमने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. युक्ती साधी होती. कारखान्यातून आलेले ठरावीक पासवर्ड लोक बदलत नाहीत. तेच एकामागून एक लावून पाहायचे. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच वस्तूंच्या माऱ्याने अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स अशा मोठ्या सेवा काही तास अडल्या. कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता.

म्हणून तीन कामे आजच करा. एक, वाय-फायचा पासवर्ड बदला. घरातले नाव, जन्मतारीख, मोबाइल नंबर नको. दोन, राउटरच्या पानाचा आणि कॅमेऱ्याचा कारखान्यातला पासवर्डही बदला. हा वाय-फायच्या पासवर्डापेक्षा वेगळा असतो आणि तोच बहुतेकांचा राहून जातो. तीन, पाहुण्यांसाठी आणि शेजाऱ्यांसाठी राउटरमध्ये 'गेस्ट' नावाचे वेगळे वाय-फाय सुरू करा. त्यावरच्या माणसाला नेट मिळते, पण आपल्या घरातल्या वस्तूंपर्यंत पोहोचता येत नाही. काही राउटरमध्ये त्याला वेगाची मर्यादाही घालता येते. दिले ते ओळखीच्या माणसालाच द्यावे आणि त्याचे नाव वहीत असावे.

काही जण म्हणतील, मग कोणाला देऊच नये. मला ते पटत नाही. ज्या समाजाला २० मार्च १९२७ रोजी महाडच्या तळ्यावर पाण्यासाठी चालून जावे लागले, त्या समाजाने अभ्यासाला बसलेल्या पोराला दार लावू नये. सावधपणे द्यावे, पण द्यावे.

पुढे काय झाले

त्याच रात्री मी वर जायला निघालो. पाय जड झाले होते. दार मुलाच्या आईने उघडले. मी म्हणालो, "ताई, जयभीम. चूक माझी होती. नेट माझ्याच फोनने खाल्लं. तुमच्या मुलाचा काही दोष नव्हता. मला माफ करा."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काका, वस्तीत काही गेलं की आमच्या पोरांकडे आधी बघतात. ते बाहेरचे लोक. आपलीच माणसं तसं बघायला लागली, तर पोरांनी जायचं कुठं?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मुलगा आत होता. बाहेर आला नाही. मी त्याच्या आईला म्हणालो, "मी जिन्यात चारचौघींत बोललो, तर चुकलो हेही तिथंच बोलेन." दुसऱ्या सकाळी त्या दोन्ही शेजारणींना थांबवून सगळे सांगितले. वही दाखवली. एक हसली, दुसरी म्हणाली, "आमच्याही घरचं बघून द्या." बोललेला शब्द मागे घेता येत नाही. तरी निदान जेथे सांडला तेथे पुसावा.

मुलगा लगेच परतला नाही. नातीकडून कळले, तो विहाराच्या वाचनालयात बसत होता आणि मोबाइलवरच्या रोजच्या दीड जीबीत भागवत होता. पाच मे रोजी वैशाख पौर्णिमा होती. खीरदानाच्या वेळी विहारात तो समोर आला. मी त्याला हात जोडले. तो संकोचला. म्हणाला, "आजोबा, तुम्ही हात जोडू नका. ती वही केली म्हणतात ना घरात, तिच्यात माझं नाव लिहा. म्हणजे परत नेट अडलं तर आधी वही बघाल."

तो चिडून बोलला की प्रेमाने, मला आजही सांगता येत नाही. पण त्याचे म्हणणे बरोबर होते. घरी येऊन मी आठवे नाव लिहिले. राउटरमध्ये पाहुण्यांचे वाय-फाय सुरू केले. बॅकअपची वेळ पहाटेची केली आणि राउटर रात्री बंद करणे सोडले. नातीची परीक्षा पार पडली. मुलगा पुन्हा जिन्यात बसू लागला. पुढे आम्ही फायबरही घेतले. तरी महिन्याच्या पहिल्या रविवारी मी आणि नात यादी उघडून वहीशी ताडून पाहतो. पाच मिनिटे लागतात.

आपण रोज धम्मवंदनेत 'एहिपस्सिको' म्हणतो. या आणि पाहा. ऐकीव गोष्टीवर, वडीलधारा म्हणतो म्हणून, विश्वास ठेवू नका, स्वतः तपासा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. हे विहारात म्हणायचे आणि घरी संशयावर निकाल द्यायचा, हा कोणता धम्म? मी वडीलधारा होतो आणि मीच चुकलो. तपासायला लावले ते अठरा वर्षांच्या मुलीने.

या रविवारी राउटर उलटा करा. मुलांना जवळ बसवा, यादी त्यांनाच वाचू द्या. वहीत नावे लिहा. आणि तोपर्यंत कोणावर बोट दाखवू नका.

आपला,
जयभीम! नमो बुद्धाय!